स्कूटर-एंजिनाची जुळणी व त्याच्या तापमानाचे निरीक्षण : नाशिकच्या घाटमार्गाच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

१

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना आपल्याकडे कारखान्यांची स्थापना, परदेशी सहकार्याचे करार आणि उत्पादनाचे आकडे यांवर भर देण्याची प्रथा पडून गेली आहे. यंत्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर त्याचे काय होते, ते कोणाच्या हाती राहते आणि त्याची प्रकृती कोण व कशी ओळखतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वस्तुतः सर्वसामान्य माणसाचा यंत्राशी जो संबंध आला, तो या दुसऱ्या टप्प्यावरच आला. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाची एक मर्यादित बाजू तपासून पाहावयाची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे वाहन ठरलेल्या छोट्या स्कूटरच्या एंजिनाची जुळणी, म्हणजे लोकभाषेतील 'ट्यूनिंग', आणि त्या एंजिनाच्या तापमानाची पारख, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय होता, हा तो विषय होय. उदाहरणादाखल मुंबई-नाशिक मार्गावरील कसारा घाट, म्हणजेच थळ घाट, डोळ्यांपुढे ठेवला आहे. सपाट रस्त्यावर झाकून राहणारे एंजिनाचे दोष चढणीवर आणि उतारावर उघडे पडतात, हे या निवडीचे कारण.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत दोन स्कूटर जन्मास आल्या. विमानरचनाकार कोर्रादिनो द'आस्कानियो याने आखलेल्या व्हेस्पाचा एकस्व-अर्ज पियाज्जो कंपनीने एप्रिल १९४६ मध्ये दाखल केला. पुढच्याच वर्षी मिलान येथील इनोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली. या दोन्ही वाहनांनी महाराष्ट्रात आपली घरे केली. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात लॅम्ब्रेटाची जुळणी सुरू केली. १९४५ साली नोंदल्या गेलेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने प्रथम आयात केलेल्या गाड्या विकल्या. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे बजाज ऑटो या नावाने तिने पुण्याजवळ आकुर्डी येथे व्हेस्पा १५० चे उत्पादन केले. पियाज्जोशी असलेला करार १९७१ साली संपुष्टात आला व १९७२ साली त्याच घडणीची 'चेतक' अवतरली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंगची पन्नास घन सेंटिमीटरची 'लूना' आली. तिकडे इनोचेंतीने लॅम्ब्रेटाचे उत्पादन बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली व लखनौ येथे स्कूटर्स इंडिया ही कंपनी १९७२ साली स्थापन झाली.

परवानापद्धतीच्या त्या काळात मागणी अमाप व उत्पादन मोजके असल्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे, कधी कधी दहा वर्षांच्या घरात, वाट पाहावी लागे. या गोष्टीचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. जी वस्तू इतक्या प्रतीक्षेने घरी येते ती सहजासहजी टाकून देता येत नाही. वडिलांनी नोंदविलेली स्कूटर मुलाने चालविली, अशी घरे महाराष्ट्रात विरळा नाहीत. साहजिकच एंजिन वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे ही मालकाची निकड झाली आणि ते ठेवण्याचे ज्ञान गल्लीतल्या गॅरेजमध्ये साठत गेले.

३

या स्कूटरांचे एंजिन दोन धावांचे, म्हणजे लोक ज्यास 'टू-स्ट्रोक' म्हणतात त्या जातीचे होते. चेतकच्या एंजिनात दट्ट्याचा व्यास ५७ मिलिमीटर व धावेची लांबीही ५७ मिलिमीटर. यावरून त्याचे घनमान १४५.४५ घन सेंटिमीटर येते. या एंजिनात तेलाचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते आणि तेच मिश्रण जळण्यापूर्वी धारवे, दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांना वंगण पुरविते. फिरत्या झडपेच्या व्हेस्पा-घराण्यातील एंजिनास दोन टक्के, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर तेल पुरत असे. त्याआधीच्या रचनांना याहून बरेच अधिक लागे. पेट्रोल-पंपावर मापाने तेल ओतून घेणे आणि मग गाडी हलवून ते मिसळणे, हा अनेक वर्षे स्कूटरस्वाराच्या नित्यकर्माचा भाग होता.

आता उष्णतेचा विचार करू. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर बाहेर पडते, तर काही सिलिंडरच्या भिंतीतून वाहून न्यावी लागते. व्हेस्पाचे एंजिन पत्र्याच्या अंगाखाली झाकलेले असल्यामुळे त्यास वाऱ्याचा झोत मिळणे शक्य नव्हते. म्हणून चुंबकचक्रावरच पाती बसवून पंखा केला गेला व त्याची हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरच्या कडांवर, कारागिरांच्या शब्दांत 'फिन'वर, सोडण्यात आली. लॅम्ब्रेटाच्या प्रारंभीच्या नमुन्यांचे एंजिन उघडे होते. झाकलेले नमुने आल्यावर तिलाही पंखा द्यावा लागला. लूना मात्र निव्वळ वाऱ्यावर अवलंबून राहिली.

उष्णता प्रमाणाबाहेर गेल्यास काय होते, हे एका साध्या हिशेबाने समजते. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व सिलिंडर बिडाचा. एक अंश सेल्सियस तापमानवाढीस ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे २० भाग वाढतो, तर बीड सुमारे ११ भाग. दट्ट्याचा खालचा घेर १५० अंशांनी व सिलिंडर १२० अंशांनी तापला असे धरले, तर ५७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या ०.१७ मिलिमीटर फुगतो आणि सिलिंडर ०.०७५ मिलिमीटरच रुंदावतो. म्हणजे दोहोंमधील मोकळीक सुमारे ०.१ मिलिमीटरने घटते. थंड असतानाची एकूण मोकळीकच मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत मोजली जाते. तेव्हा तापमान आणखी चढले आणि वंगण उणे पडले की दट्ट्या भिंतीस धरतो. यालाच 'एंजिन जाम होणे' किंवा 'सीझ होणे' म्हणतात. त्यात धातूची हानी तर होतेच, पण खरा धोका निराळा आहे. एंजिन एकाएकी थांबल्यावर गिअरमध्ये असलेले मागचे चाकही त्याच क्षणी अडते आणि धावती गाडी घसरते. जुने स्वार डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवून घाटात गाडी हाकत, ती याच भयाने. एंजिनाच्या तापमानाचा प्रश्न हा केवळ खर्चाचा नव्हता, तो जिवाचाही होता.

४

मुंबईहून नाशिककडे येताना शहापूर, कसारा ही गावे मागे टाकून रस्ता सह्याद्रीच्या कड्यास भिडतो आणि इगतपुरीजवळ पठारावर येतो. कसारा व इगतपुरी यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचा फरक आहे. याच कड्यावरून १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपला लोहमार्ग नेला. त्याचा तीव्रतम चढ ३७ स १ असा आहे आणि तो चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा एंजिने लावण्याची पद्धत सर्वांस परिचित आहे. स्कूटरस अर्थातच असे साहाय्य नव्हते.

दोन माणसांसह स्कूटरचे वजन सुमारे २३० किलोग्रॅम धरले, तर ३०० मीटर उचलण्यास लागणारे कार्य सुमारे ६८० किलोज्यूल भरते. एंजिनाची कार्यक्षमता शेकडा १५ मानल्यास केवळ या उंचीपोटी सुमारे १४० मिलिलिटर पेट्रोल जळेल. त्यात दोन टक्के दराने तेल तीन मिलिलिटरांहूनही कमी. संपूर्ण घाट चढताना उंचीसाठी खर्ची पडणारे वंगण चहाच्या लहान चमच्यातही मावेल, ही गोष्ट मनात ठेवली म्हणजे या एंजिनाचा जीव किती थोड्यावर टिकून होता, याची कल्पना येते.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. पंखा चुंबकचक्रावर असल्यामुळे त्याची हवा गाडीच्या वेगावर अवलंबून नसून एंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. जो स्वार वरचा गिअर न सोडता, थ्रॉटल पूर्ण पिळून, धापा टाकणारी गाडी वर रेटतो, तो एंजिनात अधिकाधिक इंधन जाळतो व पंख्याच्या फेऱ्या मात्र कमी करतो. उलट खालचा गिअर टाकून एंजिन मोकळे फिरू दिल्यास आवाज वाढतो, पण हवाही वाढते. आवाज वाढला म्हणजे एंजिनास त्रास होतो, हा सर्वसाधारण ग्रह येथे चुकीचा ठरतो. लूनासारख्या पंख्याविना चालणाऱ्या गाडीची स्थिती निराळी. तिला गतीचाच वारा मिळावयाचा. चढणीवर गती मंदावलेली आणि त्यात पश्चिमेचा वारा पाठीमागून येत असेल, तर तिच्या सिलिंडरपाशी हवा जवळजवळ स्थिरच राहते. अशा गाडीस मध्येच सावलीत थांबविणे हाच उपाय होता.

उताराचा धोका याहून कपटी आहे. उतरताना एंजिन थंडच असणार, असे कोणासही वाटेल. परंतु थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये गाडी उतरविली की एंजिन वेगाने फिरते आणि पेट्रोल मात्र अत्यल्प येते. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. चार धावांच्या एंजिनात तेल स्वतंत्रपणे खेळत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणूनच उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून एंजिनास 'घोट' पाजण्याची रीत पडली. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणे हा पर्याय एंजिनास सुखाचा असला, तरी लहान ब्रेकांच्या गाडीस घाटात तो परवडणारा नव्हता.

५

जुळणीचा विषय येथे येतो. पाश्चात्त्य देशांत स्कूटर ट्यून करणे म्हणजे बहुधा तिची शक्ती व वेग वाढविणे. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पालटला. येथे ट्यूनिंग म्हणजे गाडी एका किकमध्ये सुरू व्हावी, मंद गतीवर बंद पडू नये आणि तिने 'ॲव्हरेज' चांगले द्यावे. त्यासाठी प्लग काढून घासावयाचा व त्याचे अंतर ०.६ मिलिमीटर ठेवावयाचे, पॉइंट स्वच्छ करून ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान लावावयाचे, कार्बोरेटरचे जेट फुंकावयाचे आणि सायलेन्सर व सिलिंडर-शीर्ष यांवरील काजळी खरवडावयाची, असा क्रम असे.

यांतील प्रत्येक कृतीचा तापमानाशी संबंध आहे, आणि तो ओळखणारा कारागीर व न ओळखणारा कारागीर यांत महदंतर आहे. ठिणगी फार लवकर पडली तर दाब अवेळी चढून दट्ट्याचा माथा तापतो. फार उशिरा पडली तर ज्वलन निकासद्वारापर्यंत लांबून सिलिंडरची निकासाकडील बाजू तापते. मिश्रणाची गोष्ट अशीच. पेट्रोलचा अंश किंचित अधिक असेल तर त्याच्या बाष्पीभवनाने एंजिन थंड राहते, पण ॲव्हरेज घटते. तो कमी केला तर ॲव्हरेज वाढते आणि उष्णताही वाढते. शिवाय या एंजिनात पेट्रोल कमी केले की तेलही आपोआप कमी होते, हे विसरता कामा नये. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा ॲव्हरेज हा मध्यमवर्गाच्या घरखर्चातील शब्द झाला आणि लहान जेट बसवून चार किलोमीटर अधिक मिळविण्याचा मोह बळावला. काटकसर आणि एंजिनाचे आयुष्य यांतील हा झगडा मालकाला दिसत नसे. पेट्रोलची बचत दरमहा हाती येई, तर सिलिंडर 'बोअर' करून मोठ्या मापाचा दट्ट्या बसविण्याचा खर्च कित्येक वर्षांनी उद्भवे.

नाशिकच्या संदर्भात यात आणखी एक घटक मिसळतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो, आणि त्यामुळे एकाच जेटवर मिश्रण सुमारे साडेतीन टक्क्यांनी अधिक गडद होते. आता कोणी नाशिकच्या हवेत जेट अगदी कमीत कमी मापावर आणून ठेवला व तीच गाडी घाट उतरून कोकणात नेली, तर तळाच्या दाट हवेत तिचे मिश्रण तितकेच विरळ होणार. नाशकात निर्धोक असलेली जुळणी शहापूरच्या दुपारी काठावर येते. दोन्ही प्रदेशांत फिरणाऱ्या गाडीची जुळणी खालच्या प्रदेशाच्या हिशेबाने करावयास हवी, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

दोन चुकीच्या समजुतींचाही उल्लेख केला पाहिजे. सिलिंडरभोवतीचे पत्र्याचे आवरण काढल्यास एंजिनास मोकळी हवा मिळेल, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात त्या आवरणामुळेच पंख्याची हवा कडांमधून जाण्यास भाग पडते. ते काढले की हवा वाटेतच पांगते. बाहेरचे बगलेचे कव्हर व हे आतील आवरण यांत गल्लत करता कामा नये. दुसरी समजूत अशी की विरळ मिश्रणाचे मूळ नेहमी कार्बोरेटरमध्येच असते. चाकदांड्याचे झिजलेले ऑइल सील बाहेरची हवा आत ओढते आणि मिश्रण विरळ करते. अशा वेळी कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरविला तरी रोग कायमच राहतो.

६

आता मुख्य प्रश्न. ज्या एंजिनाचे जीवित तापमानावर एवढे अवलंबून, त्यास तापमापक का नव्हता? विद्या अज्ञात होती असे म्हणता येत नाही. दोन भिन्न धातूंच्या सांध्यास उष्णता दिली असता विद्युत्-दाब निर्माण होतो, हे जेबेक याने १८२१ सालीच दाखवून दिले होते. या तपयुग्माचे एक टोक प्लगखालच्या वॉशरमध्ये बसवून हवेने थंड होणाऱ्या विमान-एंजिनाच्या सिलिंडर-शीर्षाचे तापमान वैमानिकास दाखविण्याची पद्धत महायुद्धापूर्वीच रूढ झाली होती. लोह-कॉन्स्टंटनचे युग्म २०० अंश सेल्सियसला सुमारे १०.८ मिलिव्होल्ट देते. एक सूक्ष्म मापी त्यास पुरते.

नाशिकच्या बाबतीत हा विरोधाभास विशेष उठून दिसतो. शहराजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विभागात १९६४ पासून मिग विमानांच्या बांधणीची उभारणी झाली. त्या विमानांच्या जेट-एंजिनातील वायूंचे तापमान तपयुग्मांनी मोजले जाऊन वैमानिकापुढील तबकडीवर दिसे. त्याच ओझरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर हजारो स्कूटरस्वार आपल्या एंजिनाचे तापमान अंदाजाने ओळखीत होते. यात कोणाचा दोष नाही. स्वस्त वाहनात तबकडीची भर घातली तर किंमत वाढते. शिवाय काटा पाहून काय करावयाचे हे ज्ञान नसेल, तर काटा असून नसल्यासारखाच. परंतु यावरून एक ऐतिहासिक सत्य हाती लागते. मापनविद्या समाजात सर्वत्र सारखी पसरत नाही. ती प्रथम राष्ट्राच्या संरक्षणाकडे व मोठ्या उद्योगाकडे जाते, आणि सामान्य माणसाच्या यंत्रापर्यंत पोहोचण्यास तिला दशके लागतात.

त्या मधल्या काळात उपकरणाची जागा इंद्रियांनी घेतली. प्लगची खूण त्यांत अग्रगण्य. प्लगचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंशांहून अधिक तापले तर स्वतःवरील काजळी जाळून टाकते, आणि साडेआठशे अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटविते. म्हणून तांबूस-तपकिरी टोक म्हणजे प्रकृती ठीक, काळे व ओलसर म्हणजे मिश्रण गडद किंवा प्लग थंड, पांढुरके व फोडी आलेले म्हणजे धोक्याची सूचना, असे निदान होई. प्लगच्या उष्णतांकाचीही एक गंमत आहे. बॉश-पद्धतीच्या जुन्या क्रमांकांत १७५ पेक्षा २२५ हा अधिक थंड प्लग होता. पुढे क्रमांकपद्धती बदलून लहान अंक थंड प्लगचा झाला. जुन्या पाठावर नवा प्लग निवडणाऱ्याची फसगत व्हावी, अशीच ही उलटापालट होती.

दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. तापलेल्या कडेवर थेंब टाकला असता तो चर्र करून उडून गेला, तर तापमान शंभरावर आहे. तो मण्यासारखा नाचू लागला, तर ते दोनशेच्या आसपास वा पुढे आहे. भाकरीचा तवा तापला की नाही हे ज्या रीतीने स्वयंपाकघरात ओळखले जाते तीच ही रीत, आणि तिच्यामागील भौतिकी तत्त्व लायडेनफ्रॉस्ट याने १७५६ साली वर्णिले आहे. थेंब वेगळा आणि तांब्याभर पाणी वेगळे, हेही सांगितले पाहिजे. तापलेल्या बिडावर पाणी ओतल्यास तडा जाण्याचे भय असते. या खेरीज चढणीवर येणारी खडखड, अकारण मंदावणारी ओढ, स्विच बंद केल्यावरही क्षणभर चालू राहणारे एंजिन, आणि जळक्या तेलाचा वास, ही चिन्हे कान व नाक यांच्या स्वाधीन होती.

७

हे युग आता संपले आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक होंडाच्या स्कूटरमध्ये तेलाची स्वतंत्र टाकी आली व मापाने तेल ओतण्याची गरज सरली. नव्वदच्या दशकापासून प्रदूषणाचे निर्बंध क्रमशः कडक होत गेले आणि तेल धुरात सोडणारे दोन धावांचे एंजिन नव्या शतकाच्या आरंभी स्कूटरमधून हद्दपार झाले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांमुळे कार्बोरेटरची जागा विद्युत्-नियंत्रित इंधन-फवारणीने घेतली. या रचनेत एंजिनाच्या तापमानाचा संवेदक अंगभूतच असतो. त्याच वर्षी 'चेतक' हे नाव एका विद्युत्-स्कूटरने धारण केले, आणि तीत एंजिनाऐवजी विद्युत्-घटमालेचे तापमान क्षणोक्षणी मोजले जाते.

ज्या तापमापकाची उणीव अर्धशतकभर भासली, तो अखेर प्रत्येक गाडीत आला. परंतु तो स्वारासाठी आला नाही. त्याचे वाचन नियंत्रक-मंडल करते, जुळणीही तेच करते, आणि स्वाराच्या वाट्यास फार तर एक इशाऱ्याचा दिवा येतो. घाटातील अपघाताचे भय कमी झाले, हा निःसंशय लाभ होय. त्याबरोबर चढ, हवा, इंधन व उष्णता यांचा संबंध स्वतः जाणून घेण्याचा प्रसंगही नाहीसा झाला.

यावरून अभ्यासकांपुढे एक कर्तव्य उभे राहते. या ज्ञानाची लिखित साधने तुटपुंजी आहेत. मालकास मिळणाऱ्या पुस्तिका कारखान्याची बाजू सांगतात, गॅरेजची नव्हे. प्लगचा रंग वाचणारे व आवाजावरून ठिणगीची वेळ लावणारे कारागीर आज वृद्ध झाले आहेत. त्यांची परिभाषा, त्यांची मापे आणि त्यांनी वेगवेगळ्या उंचीच्या गावांसाठी ठरविलेल्या जुळण्या यांचे पद्धतशीर संकलन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक कोरे पान भरून निघेल. कारखान्याचे दप्तर पुढेही उपलब्ध राहील. या माणसांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.